लिहून देणार

“ओनर बोलताय की एजंट?”

हा प्रश्न मी गेली २२ वर्षं रोज ऐकते. उत्तर ठरलेलं आहे. “एजंट बोलतेय, पण किल्ली माझ्याकडेच असते.” किल्ली म्हटलं की माणूस फोन ठेवत नाही. त्या दिवशी मात्र मी अडखळले. फ्लॅट माझा, जाहिरात मी टाकलेली, फोटोही मीच काढलेले. शेवटी म्हटलं, “दोन्ही.” पलीकडचे गृहस्थ “अच्छा, अच्छा” म्हणाले, कळवतो म्हणाले आणि अर्थातच त्यांनी कळवलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कळवलं नसतं. मालक आणि दलाल एकच असेल तर घासाघीस करायची कुणाशी?

घर विकायचं कारण साधं होतं. कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या आतल्या बाजूला आमची १९८६ सालची इमारत. खाली पार्किंग, वर तीन मजले, १२ सभासद, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर. १९९९ साली रीसेलमध्ये साडेसात लाखांना घेतलं तेव्हा ५४ पायऱ्यांचं काही वाटलं नव्हतं. आता सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि गेल्या दिवाळीपासून त्या फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरतात, तेही खुर्चीत बसवून, दोघांनी धरून. कर्वेनगरला लिफ्टची एक जागा माझ्या नजरेत होतीच. नवरा म्हणाला, “चला, निदान दलाली वाचली.”

वाचली नाही.

कुठलंही घर विकायला घेतलं की पहिली बैठक होते ती किमतीवर. मालक आकडा सांगतो. तो कुठून येतो हे मला पाठ झालं आहे. शेजाऱ्याने सांगितलेला असतो, मुलाच्या परदेशातल्या फीचा असतो, नाहीतर नव्या घराला कमी पडणाऱ्या रकमेचा असतो. मी ऐकून घेते आणि त्याच सोसायटीतल्या मागच्या दोन-तीन व्यवहारांचे इंडेक्स टू पुढे ठेवते. इंडेक्स टू म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, कोणी कोणाला केवढ्याला दिलं ते सगळं त्यात असतं. मग मी गप्प बसते. चहा निवतो आणि आकडाही.

माझ्या वेळी इंडेक्स टू शोधायचीसुद्धा गरज नव्हती. आमच्याच इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दोन वर्षांपूर्वी मी विकून दिला होता, ८५ लाखांना. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिला मजला घ्या, वर जाल तसा भाव उतरतो, हे तेव्हा घेणाऱ्याला मीच पटवलं होतं. आणि आता जाहिरातीत आकडा टाकला ९८. नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, कसे काय बुवा? मी म्हटलं, हवा आहे, उजेड आहे, डोक्यावर कुणाचा खडखडाट नाही, गॅलरीतून टेकडी दिसते. “आणि ५४ पायऱ्या?” तर मी म्हटलं, “व्यायाम होतो.” आतल्या खोलीत सासूबाई रेडिओ ऐकत पडल्या होत्या.

टेकडीचंही सांगून टाकते. समोरची इमारत उभी राहिल्यापासून ती कठड्यावरून डावीकडे वाकल्यावर दिसते.

घर दाखवायचं काम दहा मिनिटांचं. पूर्वेचं घर असेल तर पार्टीला सकाळी साडेनऊला बोलवायचं. आणताना कचऱ्याच्या कंटेनरची गल्ली टाळायची. तो पुढे दिसणारच असतो, पण सर्वांत आधी तोच दिसायला नको. लहान बेडरूममध्ये आपण शिरायचं नाही, दारातच थांबायचं. चार माणसं आत गेली की दहा बाय दहाची खोली आठ बाय आठची होते. बाईंना ओट्यापाशी एकट्या सोडायचं. त्या नळ सोडून बघतात, बघू द्यायचं. आणि काहीही करून मालकाला घराबाहेर काढायचं. बँकेत पाठवा, देवळात पाठवा, पण घरात नको, कारण मालक बोलतो. महारेराने २०२३ पासून आम्हा एजंटांना परीक्षा लावली. पन्नाशी उलटल्यावर मी ती दिली आणि पासही झाले. मालकाला गप्प कसं बसवावं यावर तिच्यात एकही प्रश्न नव्हता. माझ्या मते निम्मा धंदा तेवढाच आहे.

या खेपेला मालकीणच घर दाखवत होती. पहिलं जोडपं आलं, आयटीतलं, तिशीचं. दहा मिनिटांच्या जागी मी ४० मिनिटं बोलले. माळ्याची दारं सागवानी आहेत आणि सुतार कसा तीन वेळा पळून गेला, ते सांगितलं. ओटा माझ्या उंचीला बेतून करून घेतलाय हे सांगितलं. ती मुलगी माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. समोर गाण्याचा क्लास आहे, दर गुरुवारी संध्याकाळी सगळं घर सुरात असतं, असंही म्हणाले. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. घरून काम करणाऱ्या माणसाला मी आवाजाची आगाऊ सूचना दिली होती. जुलैमध्ये गॅलरीच्या कोपऱ्याला ओल धरते, हे तर न विचारता बोलून गेले.

मग त्याने विचारलं, “रिडेव्हलपमेंटला जाईल ना?” कोथरूडच्या जुन्या इमारतींत हा प्रश्न येतोच. दुसऱ्याच्या घरात उभी असते तेव्हा माझं उत्तर असतं, “आज ना उद्या जाणारच की.” त्याला खोटं म्हणता येणार नाही, खरं म्हणायलाही जीभ जरा रेटावी लागते. इथे मात्र मी सगळा इतिहास काढला. तीन बिल्डर येऊन गेले, गल्ली अरुंद म्हणून परतले. एक सभासद कॅनडात आहेत, त्यांना पत्र गेलं की उत्तर येत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे एकाने हात वर केला की दुसरा खाली घेतो. जोडपं निघालं तेव्हा त्यांना सोसायटीची माहिती आमच्या सेक्रेटरींपेक्षा जास्त झाली होती.

दीड महिन्यात सात पार्ट्या आल्या आणि सातही गेल्या. एका बाईंनी हॉलच्या भिंतीकडे बघून “हा रंग तर काढावाच लागेल” म्हटलं, तर मी त्यांच्याशी पुढे नीट बोललेच नाही. त्या घर घ्यायला आल्या होत्या, रंगाचं माप काढणारच. मी दुसऱ्यांची घरं दाखवताना असली वाक्यं पदरी पडतात तेव्हा हसून म्हणते, “दोन दिवसांचं काम आहे हो.”

शेवटी मी फोन उचलला आणि कर्वेनगरच्या एका एजंटला लावला. पस्तिशीचा मुलगा. आम्ही बरेच व्यवहार बरोबर केलेत, त्याची पार्टी, माझा फ्लॅट, आपापल्या बाजूची दलाली आपापली. तो आला, घरभर फिरला आणि म्हणाला, “ताई, गॅलरीतल्या कुंड्या अर्ध्या करा. कॅलेंडरं काढा. आकडा ९२ करतो. आणि किल्ली देऊन ठेवा, मी येईन तेव्हा तुम्ही भाजी आणायला जा.” ही सगळी वाक्यं माझी होती. त्यातली काही त्याने माझ्याकडूनच उचलली असणार. दलाली एक टक्का म्हणाला. मी “आपल्यात काय टक्का” म्हणणार होते, पण त्याची वही उघडलेली पाहिली आणि गप्प बसले. सासूबाईंना काढता येण्यासारखं नव्हतं, त्यांना त्याने सांगितलं, “आजी, कोणी आलं की फक्त हसायचं.” त्या म्हणाल्या, दात लावू का?

तिसऱ्या पार्टीला बैठक ठरली. तरुण नवराबायको आणि मुलाचे वडील. मालकीण म्हणून बैठकीला मी पहिल्यांदाच बसत होते. पोहे झाले, इकडचं तिकडचं झालं. आकड्याशी गाडी अडली तेव्हा त्याने नेहमीसारखं केलं, पार्टीला “जरा दोन मिनिटं” म्हणून बाहेर जिन्यात नेलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यावर उघडते. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

वडील म्हणत होते, “म्हातारी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आणि बाई भाव सांगते नव्या स्कीमचा. ८५च्या वर एक रुपया देऊ नकोस.”

तो आत आला, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “काकांना इमारतीच्या वयाची थोडी काळजी वाटतेय, ताई. पण उजेड फार आवडलाय त्यांना. ८५ म्हणतायत.”

माझी कानशिलं तापली होती. मी म्हटलं, “त्यांना सांग, ८५ला वारज्याच्या पुढे शोधा म्हणावं. आमचं काही अडलेलं नाही.” तो मान डोलवत बाहेर गेला. मी परत खिडकीशी. बाहेर तो सांगत होता, “ताईंना तशी घाई नाहीये. पण घर चांगल्या माणसांकडे जावं असं त्यांच्या मनात आहे. तुमची सूनबाई आवडली त्यांना. थोडं तुम्ही सरका, थोडं मी सरकवतो.”

असं मी काहीही म्हटलं नव्हतं. सूनबाईंकडे मी धड पाहिलंही नव्हतं. पण त्या आत आल्या तेव्हा माझ्याकडे बघून अशा काही हसल्या की मलाही हसावं लागलं, आणि खरंच, मुलगी चांगली होती.

त्या जिन्यात मी किती वर्षं उभी राहिले आहे! “करता काय तुम्ही लोक? दार उघडता,” असं लोक म्हणतात तेव्हा मी कामांची यादी वाचते: फोटो, जाहिरात, कागद, बँक, सोसायटीचा ना हरकत दाखला. जिन्यातलं काम त्या यादीत मी कधी घातलं नाही. घालणार तरी काय म्हणून? एकाचं बोलणं दुसऱ्याकडे नेताना वाटेत बदलतो, त्याचे पैसे घेतो, असं? आणि आम्ही समोरासमोर बसलो असतो तर ‘म्हातारी बिल्डिंग’ला मी उत्तर दिलं असतं, त्यावर काकांनी दिलं असतं, आणि पोह्यांच्या बश्या उचलायच्या आत सगळं मोडलं असतं. तो नाराज झाला नाही याचं कारण घर त्याचं नव्हतं.

८८ला जमलं. विसार म्हणून लाखाचा चेक मिळाला.

कागदांचं फार लिहीत नाही, ते कंटाळवाणं असतं आणि या वेळी लाजिरवाणंही होतं. ज्या बाईने शेकडो लोकांना ‘मूळ कागदांची एक फाइल करा’ म्हणून दम दिला, तिच्या फाइलमध्ये १९९९च्या दस्ताची नोंदणीची पावती नव्हती. घेणाऱ्यांच्या बँकेला ती हवीच. हरवली म्हणायचं तर पोलिसांत तक्रार, पेपरात जाहीर नोटीस. चार दिवस घर उपसलं. पावती निघाली विम्याच्या पाकिटात. सीएने सांगितलं, खरेदी १ एप्रिल २००१च्या आधीची आहे, तेव्हा त्या तारखेची किंमत धरता येईल, व्हॅल्युअरचा दाखला आणा. व्हॅल्युअर आले, टेप लावून गेले आणि २००१ साली आमचं घर केवढ्याचं होतं ते त्यांनी टाइप करून दिलं.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. त्या व्यवहारात ८८ हजार हा आकडा तीनदा आला. ५० लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून घेणाऱ्यांनी एक टक्का टीडीएस कापला. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे पुण्यात सातऐवजी सहा टक्के, म्हणून काकांना न आवडताही घर सूनबाईंच्या एकटीच्या नावावर झालं. आणि तिसरे ८८ हजार दलालीचे.

करारनाम्याच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमीची गर्दी. टोकनची वाट बघत उभे असलेले म्हातारे, कडेवरची मुलं, झेरॉक्सवाल्याची घाई. तिथले निम्मे लोक मला ओळखतात. दस्त टाइप करून देणारा म्हणाला, “मॅडम, आज कोणाची ओळख द्यायची?” दस्तात पक्षकारांना ओळखणारी दोन माणसं लागतात, त्या जागी माझा फोटो आणि अंगठा किती दस्तांवर असेल कुणास ठाऊक. मी म्हटलं, “आज ओळख दुसऱ्यांनी द्यायची. मी लिहून देणार आहे.” विकणाऱ्याला दस्तात ‘लिहून देणार’ म्हणतात, घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’. हजार वेळा वाचलेले शब्द. कॅमेऱ्यासमोर बसले तर ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, इकडे बघा,” आणि मी सवयीने पार्टी नीट बसलीय का ते बघत होते. ओळख देणारा म्हणून माझ्या मागे कर्वेनगरचा तोच मुलगा बसला.

बाहेर आलो. काकांनी पेढे दिले. ते लोक रिक्षात बसून गेल्यावर तो म्हणाला, “ताई, चेक?”

“ताबा दिला की देते ना,” मी म्हटलं.

बोलले आणि ऐकलं. ताबा दिला की मालक दलालाला ओळखत नाही, म्हणून करारनाम्याच्या दिवशीच पैसे घ्यायचे, हे धंद्यात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी ठेच लागून कळतं. मला कळलं होतं, त्यालाही कुणीतरी शिकवलं असणार. तो काही बोलला नाही. नुसता मोबाइलकडे बघत उभा राहिला. मीही अशा वेळी मोबाइलकडेच बघते.

मी पर्स उघडली, चेकबुक काढलं, झेरॉक्सच्या टेबलाचा कोपरा मागितला. रक्कम लिहिली, तारीख लिहिली आणि पेन थांबलं. फोनमध्ये त्याचा नंबर ‘कर्वेनगर मुलगा’ असा होता.

“तुझं पूर्ण नाव काय रे?” मी विचारलं.