तळणीच्या तेलाची वडी

आमच्या घरात बारा माणसं. त्यांतली तिघं रोज उसाच्या रानातून चिखल घेऊन येणारी, चौघं शाळेत जाणारी, एक तान्हं. किराण्याच्या यादीत साबण-पावडरीचा आकडा फुगत चालला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी साबण घरीच व्हायचा. कॉस्टिक आणा, तेल आणा, झालं!"

खरी गोम त्या 'तेल आणा'मध्येच होती. शेंगतेल किलोला दीडशेच्या पुढं आणि किलोभर तेलाचा वाळून साबण होतो सव्वा किलोच्या आसपास. बाजारातली कपड्यांची वडी त्याहून स्वस्त पडते. म्हणजे तेल विकत आणून साबण करणं ही हौस झाली. सासूबाईंच्या पिढीनंही तो याच हिशेबानं सोडला असणार. १९६९ साली करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत घरच्या घरी बनवलेली पिवळी पावडर सायकलवरून विकायला काढली, ती पुढं गावोगाव पोचली. तिच्यापुढं चुलीजवळ कॉस्टिक ढवळत कोण बसणार?

तेल फुकट मिळालं तरच यात पैसा वाचतो. दिवाळीच्या तळणाचं आमचं होतंच. शिवाय थोरल्या जाऊबाईंनी वड्याच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलं आणि त्याचं काळपट तेल डब्यानं येऊ लागलं. ते फडक्यातून गाळायचं, मिठाच्या पाण्यात उकळायचं आणि रात्रभर निवू द्यायचं. करपलेलं बेसन खाली बसतं, तेल वर तरंगतं. रंग तपकिरीच राहतो, भज्यांचा वास मात्र बराच उतरतो.

इथं वाटीचं माप चालत नाही, सगळं काट्यावर. किलोभर शेंगतेलाला १३० ग्रॅम कॉस्टिक आणि सव्वातीनशे मिली पाणी. खोबरेलाला कॉस्टिक बरंच जास्त लागतं, म्हणून शेजारणीचं प्रमाण तसंच उचलू नये. कॉस्टिक पाण्यात सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. विस्तवाशिवाय पाणी असं तापतं की भांड्याला हात लावता येत नाही, वाफ नाकात झोंबते. हे काम मागच्या अंगणात, पोरं शाळेत गेल्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. पातेलं स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. मग ते पाणी निवलं की तेलात बारीक धारेनं सोडून ढवळत राहायचं. मिश्रण पिठल्यासारखं आळलं की साच्यात. दुसऱ्या दिवशी वड्या पाडून महिनाभर माळ्यावर.

सासूबाईंना त्यात डाळीचं पीठ हवं होतं. पिठानं वजन वाढतं, मळ निघत नाही, हे मी सांगितलं नाही. जाऊबाईंनी सांगितलं, त्यांना तो मान आहे.

आमच्या बोअरच्या पाण्यात मात्र ही वडी फेसच धरेना. जड पाण्यातले क्षार साबणाला धरून त्याचा साका करतात आणि पांढरे कपडे धुरकटतात. आधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा टाकला की पाणी नरम येतं आणि वडी निम्मीच झिजते. माझ्या मते साबणापेक्षा जास्त पैसे त्या सोड्यानंच वाचवले.

शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यांना अजून विकतची पावडर लागते, रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना ही वडी लावतच नाही. रानातले कपडे, गोधड्या, पायपुसणी, दुपटी मात्र तिच्यावरच निघतात. गाडीवाल्यानंही तेलकट फडकी धुवायला एक वडी नेली होती. आता तो तेलाच्या डब्यामागं दोन वड्या मागतो. जाऊबाई दीडवर अडून बसल्या आहेत.