बास्केटबॉलचं बिल कोण भरतं?

अमेरिकेतल्या मैत्रिणीच्या मुलीच्या कॉलेज-बिलात 'अॅथलेटिक्स फी' अशी वेगळी ओळ आहे. पोरगी केमिस्ट्रीवाली, बॉलला हातसुद्धा लावत नाही. मी सीए, त्यामुळे अशी ओळ डोळ्यात खुपतेच. तिथल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांचा खेळविभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाही. तूट विद्यार्थ्यांची फी आणि विद्यापीठाची तिजोरी भरते. जुलै २०२५पासून तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. लॅबचं काय, कोण विचारतो!

इथे जर्मनीत होखशूलश्पोर्ट हौसेपुरता, खरा खेळ फेराइनमध्ये. आमच्या फेराइनचे हिशेब मीच तपासते: हॉल पालिकेचा, बाकी बराचसा खर्च वर्गणीतून. नोविट्झ्की वुर्त्सबुर्गच्या क्लबमधूनच एनबीएत गेला, कॉलेजात न खेळता. पण बर्लिनच्या आल्बाचे वाग्नर बंधू मिशिगन विद्यापीठात गेले, आणि आता माझ्या पंधरा वर्षांच्या लेकालाही तेच हवंय.

"तुझी स्कॉलरशिप त्या केमिस्ट्रीवालीच्या फीतून येणार," मी म्हटलं. "आणि इथलं फुकट शिक्षण?" तो म्हणाला. ते आमच्या टॅक्समधून, बाळा. पण ते शिकवायलाच जातं.

तुमच्यापैकी कुणाचं मूल तिकडे खेळावर गेलंय का? प्रॅक्टिस आणि प्रवासातून अभ्यासाला खरंच किती वेळ उरतो, तेवढं सांगा.