२०२२ च्या कोजागिरीला आमच्या डेकवर असलेल्या सगळ्यांसाठी (आणि या उन्हाळ्यात डेक बांधणाऱ्यांसाठी)

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा आपल्या ग्रुपवर एकीने विचारलं, "डेक बांधायचाय, कोणी चांगला माणूस सांगा, आणि परमिट काढावंच लागतं का?" दहा मिनिटांत अकरा उत्तरं आली. त्यातली आठ म्हणजे "परमिटच्या भानगडीत पडू नका, टॅक्स वाढतो", "मागच्या अंगणात कोण बघतंय", आणि "आमचा माणूस कॅशमध्ये करून देतो, नंबर पाठवते." मी काही लिहिलं नाही. खरं म्हणजे लिहायची लाज वाटली, कारण बारा वर्षांपूर्वी हेच सल्ले मी घेतले होते आणि त्यानंतर चार जणांना दिलेही होते.

आमचं घर उतारावर आहे. मागच्या बाजूने तळघर जमिनीच्या पातळीला उघडतं, त्यामुळे स्वयंपाकघराबाहेरचा डेक जमिनीपासून नऊ फूट उंच. २०१३ मध्ये ओळखीतून एक जण मिळाला. एका वीकेंडला सुरू, पुढच्या वीकेंडला संपलं. बारा बाय सोळाचा झकास डेक, परमिट नाही, कॅश दिली. आम्ही खूश. आईला फोनवर दाखवला, तर ती म्हणाली, "पडवी छान आहे गं, पण खांब मातीतच रोवलेत का?" रत्नागिरीच्या बाईचा प्रश्न होता तो. आमच्या घरी प्रत्येक लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा. लाकडाला जमीन लागू द्यायची नाही हे तिला कोणी शिकवलेलं नाही, तिने आयुष्यभर ते बघितलंय. मी म्हटलं, "आई, इथे सगळं ट्रीटेड लाकूड असतं." विषय संपला.

दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यापासून डेकच्या जिन्यावरचं छोटं फाटक जानेवारीत अडकायला लागलं. मे महिन्यात आपोआप मोकळं व्हायचं. आमच्या घरात तो विनोद झाला होता, "फाटक लागलं, म्हणजे खरा हिवाळा आला." नवऱ्याने एकदा रंधा मारून ते थोडं घासलं. त्यापलीकडे कोणी विचार केला नाही. मग पुढेपुढे डेकवर सांडलेलं पाणी घराच्या दिशेने वाहायला लागलं. तेही बघितलं आणि सोडून दिलं.

आता त्या रात्रीबद्दल. २०२२ ची कोजागिरी. तुमच्यापैकी बरेच जण होतात. जॅकेटं घालून, हातात मसाला दुधाचे कागदी कप, चंद्र झाडांच्या वर आलेला, आणि कोणीतरी गाणं सुरू केलं होतं. मी मोजलं नव्हतं, पण नंतर आठवून आठवून यादी केली तर सव्वीस माणसं भरली, त्यात सात मुलं. एका मुलाचा चेंडू डेकखाली गेला म्हणून तो टॉर्च घेऊन खाली गेला. नऊ वर्षांचा असेल. वर आला आणि मला म्हणाला, "काकू, तुमचा डेक घरापासून सुटतोय."

मी हसले. तो म्हणाला, "नाही, रिअली. माझं बोट जातं मध्ये."

नवरा खाली जाऊन आला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने आवाज न चढवता सांगितलं, "सगळ्यांना आत घे. घाई करू नकोस, पण आत्ता घे." मी "फार गारठा झाला, चला आत, आत अंताक्षरी" असं काहीतरी बोलले. दोघी-तिघी कुरकुरल्या की चंद्र तर बाहेर आहे. सगळे आत आले, दार लावलं, मी कडी घातली आणि परत दूध गरम करायला ठेवलं. कोणालाही काही सांगितलं नाही. त्या रात्री तिथे असलेल्यांना हे आज पहिल्यांदा कळतंय. माफी मागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे आजोबा आले, आयुष्यभर सुतारकाम केलेले. डेक ज्या फळीने घराला जोडतात तिला लेजर म्हणतात. आमचा लेजर घराच्या व्हिनाइल साइडिंगवरून नुसता खिळ्यांनी ठोकला होता. बोल्ट एकही नाही. वरून पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र्याची जी घडीची पट्टी बसवतात, फ्लॅशिंग, ती नाही. आजोबांनी साइडिंगचा तुकडा काढला आणि आतल्या घराच्या कडेच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला, शिऱ्यात चमचा जावा तसा. ते काही बोलले नाहीत. मुलाला हाक मारली, मध्ये तात्पुरते टेकू लावले, आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून आडवी फळी ठोकून गेले.

हे कसं झालं ते समजायला मला हिवाळा पुरला, आणि ते आपण सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण जिथून आलो तिथे जमीन गोठत नाही. आपल्याकडे पाया म्हणजे वजन पेलण्यापुरता. इथे जमीन वरून खाली गोठत जाते. गोठताना पाणी फुगतं, ते ठीकच, पण खरा खेळ वेगळा आहे. चिकट, बारीक कणांची ओली माती खालचं पाणी दिव्याच्या वातीसारखी वर ओढत राहते आणि गोठणाऱ्या थरापाशी बर्फाच्या चकत्या वाढत जातात. त्या चकत्या वरचं सगळं उचलतात. माती, काँक्रीट, खांब, सगळं. म्हणून पायाचा तळ बर्फ पोचतो त्याच्या खाली लागतो. मिनेसोटाच्या कोडप्रमाणे आपल्या ट्विन सिटीजच्या भागात ही खोली ४२ इंच, आणि उत्तरेकडच्या काउंट्यांमध्ये ६० इंच.

आमचे जुने पाये खणून काढले तेव्हा किती निघाले? दीड फूट. १८ इंच. दर हिवाळ्यात बाहेरचे खांब वर उचलले जायचे, वसंतात खाली बसायचे, पण पूर्ण नाही. घराकडची बाजू तर घराला ठोकलेली, ती हलणार नाही. म्हणजे डेक हळूहळू घराकडे झुकला. वितळलेल्या बर्फाचं पाणी भिंतीकडे यायला लागलं, फ्लॅशिंग नसल्यामुळे लेजरच्या मागे शिरलं, लाकूड कुजलं, खिळ्यांना धरायला काही उरलं नाही. अडकलेलं फाटक पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतं. आणि आम्ही त्याला रंधा मारला.

एक हिशेब सांगते. डेक साधारणपणे दर चौरस फुटाला ४० पौंड माणसांचं-सामानाचं वजन धरून बांधतात. आमच्या १९२ चौरस फुटांना ते होतं ७६८० पौंड, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार किलो. सव्वीस माणसं अगदी सरासरी ७० किलोची धरली तरी १८२० किलो. नीट बांधलेल्या डेकने आपल्याला हसत पेललं असतं. बर्फाचं तर आपल्या दक्षिणेकडच्या काउंट्यांतही जमिनीवर दर चौरस फुटाला ५० पौंड धरायला कोड सांगतं. म्हणजे आपण फार झालो होतो असं नाही. डेकच नव्हता तो, भिंतीला टेकवलेलं टेबल होतं.

शिकागोत २९ जून २००३ ला लिंकन पार्क भागात एका पार्टीत तीन मजली लाकडी पोर्च कोसळला. तेरा तरुण गेले. तो परवान्याशिवाय बांधला होता, असं शहराने सांगितलं. बर्कलीत जून २०१५ मध्ये बाल्कनी तुटून सहा जण गेले. आत पाणी मुरून लाकूड कुजलं होतं, वरून काही दिसत नव्हतं. त्या हिवाळ्यात रात्री हे सगळं वाचत बसायचे.

आता परमिट. आपली चीड मला कळते. "परवाना" म्हटलं की आपल्याला टेबलाखालचा हात आठवतो. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला पडला, त्याआधी त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट होऊन किरकोळ दुरुस्ती सुचवली गेली होती. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. ही बातमी ग्रुपवर टाकून "सरकार झोपलंय का" असं लिहिणारे आपणच. आणि महिन्याभरात "परमिट काढू नका" असं सांगणारेही आपणच, काही नावं तर तीच आहेत. मी कोणाला टोचत नाहीये, माझंही नाव दोन्हीकडे असायचं.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही परमिट काढलं. जुनं काम विनापरवाना झाल्याचं सांगितलं, तर आमच्या सिटीने दुप्पट फी लावली. तरी ती भारतातून आलेल्या नाटकाला सहकुटुंब जाऊन बाहेर जेवून येण्याएवढीच झाली. खणण्याआधी ८११ ला फोन केला. ते लोक येऊन गॅस, वीज यांच्या लाइनी रंगाने खुणावून जातात, फुकट. मग खड्डे. इन्स्पेक्टर बाई आल्या, एकेका खड्ड्यात टेप सोडला. तीन खड्डे पास. चौथा ४० इंच. दोन इंच आणखी खणा म्हणाल्या. नवरा वैतागला, "दोन इंचांसाठी?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कोणते दोन इंच नकोत, ते सांगा." नवऱ्याने हाताने खणलं. ओल्या चिकणमातीत दोन इंच म्हणजे पाऊण तास.

तक्रारही करते, नुसती आरती नको. खड्ड्यांच्या तपासणीला आम्हाला नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. मध्ये पाऊस झाला, खड्ड्यांत पाणी भरलं, एक ढासळला, परत उपसा. इथे बांधकामाचा मोसम किती लहान! आणि माहितीपत्रक वाचलं तर वकिलाची नोटीस वाटावी. लोक परमिट टाळतात त्यात सिटीचाही वाटा आहे, आणि हे मी कौन्सिलच्या बैठकीत तीन मिनिटांत बोलून आलेय. खेरीज इन्स्पेक्टर तुमच्यासाठी बांधत नाही. तो खड्डे बघतो, सांगाडा बघतो, शेवटी एकदा येतो. मधल्या दिवसांत बघणारे आपणच.

मग काय बघायचं? लेजर साइडिंगवर नाही, साइडिंग कापून आत. अर्धा इंची बोल्ट किंवा तसेच जाड स्क्रू, वर-खाली वर-खाली अशा ओळीत. वर फ्लॅशिंग, साइडिंगच्या मागून घेतलेलं, म्हणजे पागोळीचं पाणी बाहेर पडेल. डेक घरापासून ओढला जाऊ नये म्हणून लोखंडी टाय वेगळे असतात, ते लागलेत का विचारा. काँक्रीट गुळगुळीत नळकांड्यात ओता, खडबडीत पायाला गोठलेली माती बाजूने धरून उचलते. खांब काँक्रीटच्या आत पुरू नका, वर लोखंडी बैठकीवर ठेवा (आईचा तळखडा!). ट्रीटेड लाकडात तांबं असतं, ते साधं लोखंड खातं. म्हणून खिळे, स्क्रू, हँगर सगळे जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. वाशांच्या माथ्यावर चिकटपट्टी लावा, स्क्रूच्या भोकातून पाणी तिथेच मुरतं. कठड्यातून चार इंचांचा गोळा आरपार जाता कामा नये.

फळ्या कुठल्या, रंग कुठला, हे मला सगळे विचारतात. कुठल्याही घ्या. आम्ही कॉम्पोझिट घेतल्या, कुजत नाहीत पण जुलैत अनवाणी पाय भाजतात. बर्फ प्लॅस्टिकच्या फावड्याने काढा, फळीच्या लांबीच्या दिशेने. मीठ टाकू नका. आणि छपरावरचा बर्फ ओढून डेकवर रचू नका, दोन घरी हे मी स्वतः बघितलंय.

नव्या डेकचे दोन हिवाळे झाले. फाटक जानेवारीत उघडतं. मी अजूनही रोज उघडून बघते, नवरा हसतो.

ज्या काकूंनी प्रश्न विचारला त्यांना: हो, परमिट काढावंच लागतं. त्या माणसाला पहिला प्रश्न "परमिट कोणाच्या नावावर?" हा विचारा. तो म्हणाला की घरमालकाने काढावं, किंवा नकोच, तर दुसरा बघा. बाकीच्यांनी या शनिवारी टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आपल्या डेकखाली जा. खिळे दिसले, किंवा लाकडात टोक रुतलं, तर वर कोणाला पाठवू नका आणि मला फोन करा. आजोबा आता ८१ वर्षांचे आहेत, पण अजून येतात. त्यांना चकली आवडते.

आणि तो चेंडूवाला मुलगा आता बारा वर्षांचा आहे. त्याच्या आईलाही हे आजच कळतंय. वहिनी, संध्याकाळी घरी आहात का? येते.

२०२५ ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी आहे. आपण आधीच्या शनिवारी, ४ तारखेला करू. आमच्याच डेकवर. फीची पावती फ्रिजवर लावलेली आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघा.