पहाटेची धार

आज पहाटे पाचला आईबरोबर गोठ्यात गेलो. संगमनेरकडच्या आमच्या गावाला आता मिल्किंग मशीनच्या आवाजाने जाग येते. आई मात्र अजून हातानेच धार काढते. ‘गाय हाताला पान्हा सोडते रे,’ म्हणते. डेअरीवर फॅट 3.5 आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) 8.5 लागलं की तिचा चेहरा खुलतो. एसएनएफ जरा घसरला की भाव कापतात. पेंडीचं पोतं मात्र त्याच भावाने घ्यायचं.

दुधाच्या भावासह इतर मागण्यांसाठी 1 जून 2017 ला पुणतांबा गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, रस्त्यांवर दूध ओतलं गेलं. चुलीवर दूध उतू गेलं तरी हळहळणारी आई तेव्हा म्हणाली होती, ‘ओतू दे. आमचे कष्ट दिसू दे.’

आज तिच्या बोटांचे सांधे सुजलेले दिसले. दुसऱ्या गाईखाली मी बसलो.