काट्यावर चढण्याआधी

गौरी-गणपती सरले की आमच्या गटातली हजेरी रोडावते. हडपसरला गाडीतळाजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही रविवारी सकाळी जमतो. गुडघे धरले, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, म्हणून मी इथे येऊ लागले. काट्यापुढची रांग मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही. बायका चपला काढतात, मग घड्याळ, मग ओढणी. परवा एकीने कानातले डूलही काढून मुठीत धरले.

पूर्वी आकडा मोठ्याने वाचला जायचा. उतरला की टाळ्या, वाढला की शांतता. त्या शांततेनंतर दोघी-तिघी यायच्याच बंद झाल्या. वजनापेक्षा, तोंड कसं दाखवायचं याचीच त्यांना धास्ती असावी. हल्ली गट चालवणाऱ्या ताई आकडा गुपचूप वहीत लिहितात आणि विचारतात, "आठवडा कसा गेला?" मग बायका बोलत्या होतात. मोदकांबद्दल कमी, सासूच्या आजारपणाबद्दल, जागरणांबद्दल जास्त.

त्यांचं ऐकताना मला जीन नायडेच आठवतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणाऱ्या नायडेच यांना चोरून बिस्किटं खाल्ल्याचं दवाखान्यात सांगायची लाज वाटायची. म्हणून १९६१ साली त्यांनी मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना सांगितलं. १९६३ मध्ये त्यातूनच 'वेट वॉचर्स' ही वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठीची कंपनी उभी राहिली. आकड्यांच्या आधी तिथे कबुली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्यातली एक अजून परतलेली नाही. मंडईत दिसली, तर पदर सावरत तिने वाट बदलली. फोन करावासा वाटतो. वजनाचा विषय काढायचा नाही, एवढं ठरलंय. पण मग सुरुवात कशाने करू?