आजी, साप आणि अपूर्ण भूतकाळ

ग्वाटेमालात वेलची कोणी खात नाही. जगात सर्वांत जास्त वेलची निर्यात करणारा हा देश. आल्ता वेरापासच्या डोंगरउतारांवर केकची माया शेतकरी ती पिकवतात, कोबानच्या आसपास ती वाळते, पोत्यांत भरते आणि बहुतेक सगळी आखाताकडे रवाना होते, अरबांच्या कॉफीत पडायला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने हे पीक इथे आणलं, पण शंभर वर्षांत ते इथल्या चुलीपर्यंत काही पोचलं नाही. जन्मभर वेलची खुडणाऱ्या माणसाला विचारलं, याचं पुढे काय करतात, तर तो खांदे उडवतो. वाशीच्या मसाला मार्केटात लहानाची मोठी झालेल्या बाईला हे पचायला जड जातं. पण याच वेलचीच्या पोटी मी इथे आले, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

आले तेव्हा स्पॅनिशचा गंध नव्हता. निर्यातदार इंग्रजी बोलतात, पण काट्यापाशी उभा असलेला मुकादम, ट्रकवाला, दाणा निवडणाऱ्या बायका यांच्याशी इंग्रजी चालत नाही. कंपनीने मला राजधानीपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या अँतिग्वात धाडलं, आधी भाषा शिका म्हणून. भाषा आली, काम सुरू झालं, पण राजधानीत बिऱ्हाड हलवायचं राहिलं ते राहिलंच. आता जाता-येता ट्रॅफिक खाते आणि शनिवारी सकाळी अजूनही शिकवणीला जाते.

अँतिग्वा ही एके काळची राजधानी. 1773 च्या भूकंपात ती ढासळली, सरकार आणि पैसा दोन्ही नव्या जागी गेले, आणि इथे राहिलेल्यांकडे पडकी चर्चेस पाडून नवं काही उभारायची ऐपत नव्हती. त्या ऐपत नसण्याला 1979 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आता त्याच भिंतींपुढे लोक लग्नाचे फोटो काढून घेतात. दक्षिणेला आग्वा ज्वालामुखी, शांत आणि रेखीव; पश्चिमेला फुएगो, तो कधीच शांत नसतो.

स्पॅनिशच्या शाळा गल्लोगल्ली आहेत. जुन्यांपैकी एक, प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मार्रोकिन, 1969 ची. परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवता शिकवता तिने सत्तरच्या दशकात माया भाषा बोलणाऱ्यांना भाषाशास्त्र शिकवलं आणि त्यांच्या भाषांची व्याकरणं, शब्दकोश त्यांच्याच हातून घडावेत म्हणून खपली. नंतरच्या बहुतेक शाळांनी शिकवणीचा अर्धा भाग तेवढा उचलला.

वर्ग असा नसतोच. अंगणात बोगनवेलीखाली छोटी छोटी टेबलं, प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या, एक शिक्षिका आणि एक विद्यार्थी. सकाळी आठ ते बारा. दहा वाजता घंटा होते, कॉफी मिळते. पुस्तक आहे, फळा आहे, पण चार तास रोज समोरासमोर बसून क्रियापदं किती चालवणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी व्याकरणाचा जोर ओसरतो आणि माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतो, कारण ज्यावर वाक्यं करता येतील असा दुसरा विषय त्याच्यापाशी नसतो. मग घटस्फोट निघतात, गेलेली आई निघते, नोकरी का सोडली ते निघतं. गावी सख्ख्या भावाशी जे बोलायला जीभ रेटत नाही ते इथे तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये एका अनोळखी बाईला सांगितलं जातं, आणि ती मधेच थांबवून म्हणते, रडलो, रडत होतो नाही.

माझ्या शिक्षिकेला मी सेन्यो म्हणते, सगळेच म्हणतात. ती मला अहोजाहो करते. त्याचं अप्रूप वाटून घेऊ नये, ती आपल्या धाकट्या मुलालाही अहोजाहोच करते. सुरुवातीला तिचा माझ्याबद्दल फार चांगला ग्रह झाला. इंग्रजी बोलणारे लोक 'मला आवडतं' या रचनेपाशी आठवडाभर अडतात, मराठी माणसाला तिथे थांबायचं कारणच नसतं. वस्तूंना लिंग असतं याचंही आपल्याला नवल नाही, आपण तीन सांभाळतो. त आणि द तर घरचेच. पण दोन भूतकाळांपाशी तिचा भ्रम फिटला. एक चाललेल्या गोष्टीचा, एक घडून गेलेल्या गोष्टीचा. तसा थापत होती आणि थापली हा फरक मराठीतही आहे, पण बोलताना त्याचा कोण विचार करतो?

सेन्यो म्हणाली, घरातली एखादी गोष्ट सांगा. मी आजीची सांगितली. संगमेश्वरकडचं आजोळ, पाऊस पडत होता, मांजर वैलाजवळ झोपलं होतं, आजी भाकरी थापत होती; हे सगळं अपूर्ण भूतकाळात. तेवढ्यात आढ्यावरून साप पडला. पूर्ण. आजीने चिमटा उचलला, साप धरला, मागच्या दाराने परसात भिरकावला, हात धुतले. सगळं पूर्ण. आणि पुन्हा थापायला बसली.

सेन्योने व्याकरण बाजूला ठेवलं. तिला दोन गोष्टी कळायला हव्या होत्या. पिठाच्या हाताने चिमटा सटकला कसा नाही? आणि तव्यावरच्या भाकरीचं काय झालं? तिची आई मक्याच्या तोर्तिया हातावरच थापते, मातीच्या तव्यावर भाजते, त्यामुळे सापापेक्षा तिला भाकरीची काळजी जास्त. मला उत्तर माहीत नव्हतं. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलेला मला आठवत नाही.

सेन्यो देशाबाहेर कधी गेलेली नाही. तिचा भाऊ लॉस एंजेलिसला एका हॉटेलच्या भटारखान्यात आहे. तो पाठवतो त्या पैशांवर आईची औषधं चालतात. परदेशी गेलेल्यांनी घरी धाडलेला पैसा हा या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास पाचवा हिस्सा आहे. त्याच लॉस एंजेलिसचे निवृत्त लोक विमानाने इथे येतात, हिच्यापुढे बसतात आणि आठवड्याचे पैसे मोजून हिची भाषा शिकतात. त्यांना यायला व्हिसा लागत नाही. यातला विरोध तिला मी दाखवून द्यायची गरज नाही, ती तो रोज आठ वाजता बघते.

पण जग म्हणाल तर तिच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. नॉर्वेत तान्ह्या बाळांना थंडीत बाहेर झोपवतात हे तिला ठाऊक आहे. कोरियात सुनेवर काय वेळ येते, जर्मन माणूस उदाहरणाआधी नियम का मागतो, ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळाची पाठ कशाने जाते, सगळं. प्रवासी म्हणतात, आम्ही माणसांना भेटायला आलो. मला विचाराल तर भेटतात ती माणसं सेन्योला. प्रवासी एकमेकांना भेटतात ते अकातेनांगो ज्वालामुखीच्या माथ्यावर, 3,976 मीटर उंचीवर, कुडकुडत, समोर फुएगो दर थोड्या वेळाने लाल फुत्कार टाकत असताना. तिथलं बोलणं इंग्रजीत होतं आणि त्याचा विषय पुढचं गाव. 2018 च्या जूनमध्ये याच फुएगोने खालची वस्ती गाडली, हे वर पोचल्यावर कोणी काढत नाही.

मी सुरुवातीला एका घरी राहिले, शाळेनेच लावून दिलं होतं. तीन वेळचं जेवण, रविवारी सुट्टी. जेवणाच्या टेबलावर काळे घेवडे, तळलेली केळी आणि पाच देशांचे लोक. त्या घरात मी सगळ्यात जास्त शिकले ते पिलापाशी. पिला म्हणजे सिमेंटचं तीन भागांचं धुण्याचं ठिकाण, मधे खोल हौद, दोन्ही बाजूंना खरबरीत उतार. हौदात हात घालायचा नाही, भांड्याने पाणी घ्यायचं. डावीकडे भांडी, उजवीकडे कपडे. फुएगोची राख पडली की हौदावर आधी पत्रा टाकायचा. घरमालकीण तिथे उभी राहून बोलायची, आणि तिथे ती विद्यार्थ्यांशी बोलायच्या सावकाश सुरात नाही बोलायची. शेजारीण कोणाबरोबर पळाली हे मला पिलापाशी कळलं, कळायला फार वेळ लागला, पण कळलं.

मंडईत भाजी देणारी बाई सान अंतोनियो आग्वास काल्येंतेसची. कंबरेला बांधायच्या मागावर उइपिल, म्हणजे इथल्या बायकांची पोलकी, विणते, घरी काकचिकेल बोलते. या देशात बावीस माया भाषा आहेत, हे पर्यटकांच्या पत्रकात वाचायला मिळतं. कोणाला स्पॅनिश शाळेत मार खाऊन आलं, हे तिनेच सांगितलं. आम्ही दोघी सावकाश बोलतो. दोघींनाही संकेतार्थाची क्रियापदं नकोशी वाटतात, म्हणून आमच्या बोलण्यात जर-तर फारसं नसतं. टोमॅटो आज चांगले आहेत. पोरगा राजधानीत आहे. पाऊस येतोय. ती मला सूट कधी देत नाही आणि मीही मागायची सोडून दिली.

पावसाळ्यात टेबलं रिकामी पडतात. शिक्षिकांना पगार नसतो, विद्यार्थी असेल त्या आठवड्याचे पैसे मिळतात. 2020 च्या मार्चमध्ये विमानतळ बंद झाला तो सप्टेंबरपर्यंत. तेव्हा सेन्यो झूमवर शिकवायला शिकली, मागे कोंबडे आरवत असताना. काही जुने विद्यार्थी टिकून राहिले. बोलणं पैशाने घेतलेलं म्हणून खोटं, असं म्हणणाऱ्यांना मी तेव्हाची तिची वही दाखवीन. कोणाचा कुत्रा गेला, कोणाच्या वडिलांना ऑक्सिजन लागला, पानोपानी लिहिलेलं, आणि समासात चुकलेली क्रियापदं.

मागच्या महिन्यात राजधानीच्या बसमध्ये एक उंचापुरा डच गृहस्थ शेजारी बसला. गावात भारतीय बायका मोजक्याच, त्यामुळे त्याला वेळ लागला नाही. तुम्हीच का वेलचीवाल्या? तुमच्याच आजीने साप मारला ना? त्याच्या गोष्टीत साप नाग झाला होता, आजोळ मुंबईला गेलं होतं, आणि चिमट्याची कुऱ्हाड झाली होती. सेन्योच्या टेबलावर आजी किती वेळा थापत होती, देव जाणे. मी म्हटलं, मारला नाही, फेकला. त्याने मान डोलावली, क्रियापद मनात जुळवलं आणि विचारलं, पण मग भाकरी करपली का? भूतकाळ अगदी बरोबर होता.