क्रिएटिनिन उत्तम, पण जिना चढवत नाही

किडनी ट्रान्सप्लांट होऊन घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण किडनीचं काम दाखवणारा एकच आकडा विचारतो: क्रिएटिनिन किती? तो उत्तम असला की पेढे वाटले जातात. मांडी घालून जेवायला बसलेला हा माणूस हाताचा टेकू न घेता उठू शकतो का, हे कुणी पाहत नाही.

हाडांचं दुखणं खरं तर ऑपरेशनच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. निकामी होत चाललेली किडनी ड जीवनसत्त्व कार्यक्षम करू शकत नाही आणि फॉस्फरस रक्तात साचतो. मग मानेतल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी जोर करतात आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतात. डायलिसिसच्या वर्षांत त्यांना ही सवय इतकी जडते, की नवी किडनी कामाला लागली तरी काही जणांत त्या थांबत नाहीत.

त्यात भर स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन नव्या किडनीला शरीराच्या हल्ल्यापासून वाचवतं, पण हाड घडवणाऱ्या पेशींना नामोहरम करतं. हाडांची झीज पहिल्या 6 ते 12 महिन्यांत सर्वांत वेगाने होते. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटतो. स्नायूंमध्ये मांड्या आणि खांदे आधी खचतात. देशी संडासातून उठताना, एसटीची उंच पायरी चढताना, फळीवरचा डबा काढताना ते कळतं.

घरच्यांना मात्र वेगळंच दिसतं. स्टेरॉइडने भूक वाढते, गाल भरतात आणि 'अंगावर मांस चढलं' म्हणून आई सुखावते. चढलेली बहुतेक चरबी असते. मांस तिच्याआड कमीच होत असतं. वर 'तू काही उचलू नकोस' हा प्रेमाचा हुकूम! जखम भरेपर्यंत तो योग्यच, पण आपल्याकडे तो वर्षानुवर्षे चालतो.

प्रत्यक्षात अवयव बदललेली माणसं खेळूही शकतात. मॉरिस स्लापाक या शल्यविशारदाने 1978 मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला अवयव बदललेल्यांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या, त्या आजही जगभर भरतात. बास्केटबॉलपटू अलॉन्झो मॉर्निंगला डिसेंबर 2003 मध्ये किडनी मिळाली आणि 2006 मध्ये तो मायामीच्या विजेत्या संघात खेळला. मॉर्निंगचं उदाहरण अव्वल खेळाडूचं, दिमतीला प्रशिक्षक असलेल्याचं. पण खुर्चीतून दहादा उठायला आणि रोज थोडं जास्त चालायला स्टेडियम लागत नाही.

तेव्हा पुढच्या फॉलोअपला क्रिएटिनिनबरोबर पॅराथायरॉइड संप्रेरक, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दलही विचारा. कोणता व्यायाम, किती वजन, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. स्टेरॉइड परस्पर बंद करू नका, किडनी जाऊ शकते. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका; पॅराथायरॉइड जोरात असेल तर रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असू शकतं.